सासूबाईंची प्लेट

सासूबाईंचा उजवीकडचा वरचा जबडा मिश्रीनं खाल्ला. कॅन्सर म्हणून डॉक्टरांनी तो काढला, निम्मी टाळू काढली, आणि तोंडातून थेट नाकात उघडणारं एक भोक राहिलं. चहा प्यायल्या की नाकातून यायचा. बोलल्या की वारा भोकातून वर निघून जायचा आणि नुसता गुणगुणाट ऐकू यायचा. आमच्या भुकूम गावातली पोरं नाक दाबून त्यांची नक्कल करायची. खोटं कशाला बोलू, ते पहिले तीन महिने मला सुखाचे गेले. लग्न होऊन आल्यापासून नऊ वर्षं त्यांनी मला पांढऱ्या पायाची म्हणून सोलून काढलं होतं. आता सोलायच्या, पण ते कुणाला कळायचं नाही.

मला मात्र कळायचं. भोकातली पट्टी बदलणं, गुळण्या करवणं, सगळं माझ्याच गळ्यात होतं. रोज तोंडाजवळ कान नेला की त्या गुणगुणाटातून शब्द सुटे होऊ लागतात. नवऱ्याला स्वतःच्या आईनं मागितलेलं पाणीसुद्धा समजायचं नाही. मला तिच्या शिव्याही समजायच्या. काय म्हणतेय, असं तो मलाच विचारायचा.

मग पुण्यातल्या दवाखान्यात त्यांना प्लेट करून दिली. कवळीसारखी गुलाबी, उरलेल्या दातांना धरणाऱ्या तारा, आणि वर भोकात बसणारा लिंबाएवढा पोकळ गोळा. ती घातली की बाई पहिल्यासारखी खणखणीत बोलायची. डॉक्टरबाईंनी मला बजावलं होतं, रात्री काढून गार पाण्यात ठेवायची, आणि कढत पाणी कधीही लावायचं नाही, आकार बिघडतो. हे फक्त मला सांगितलं होतं, कारण धुणारी मी.

रस्त्याकडची वीस गुंठे जमीन सासूबाईंच्या नावावर होती. साल २००४. हिंजवडीला नोकरी करणारी पोरं खोल्या शोधत आमच्यापर्यंत यायला लागली होती. नवऱ्याला तिथं खोल्या बांधायच्या होत्या, म्हणून जमीन त्याच्या नावावर करावी, असा त्यानं आईमागं लकडा लावला. त्या तयार झाल्या, पण चार गुंठे लेकीला ठेवायचे या अटीवर. माझी नणंद नवऱ्यानं टाकलेली, आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडेच राहायची. माझा नवरा हो म्हणाला. कागदात मात्र त्यानं पूर्ण वीस गुंठे स्वतःला लिहून घेतले.

कागद नोंदवायला कचेरीत जायच्या आदल्या संध्याकाळी जेवताना तो मला म्हणाला, "तितं वाचून दाखवत्यात. आईनं तोंड उघडलं म्हंजे मुसळ केरात."

मी त्याला अजून एक भाकरी वाढली. मला ते वीसच्या वीस गुंठे हवे होते. नणंदेचं दार जन्मभर माझ्या दारासमोर नको होतं.

सकाळी मी प्लेटच्या वाटीतलं पाणी ओतून दिलं आणि बंबातलं कढत पाणी त्यात सोडलं. प्लेट लगेच वितळत वगैरे नाही. जराशी वाकते, एवढंच. सासूबाईंनी तीनदा घालून पाहिली, हिरडीतून रक्त आलं. नवरा म्हणाला, राहू दे, नुसता अंगठा तर द्यायचाय. नणंदेनं आईची वेणी घातली, तोंडावरून पदर नीट घेऊन दिला आणि आम्हाला वाटेत खायला भाकरी बांधून दिली.

कचेरीत कागद वाचून झाला. त्यात लेकीचं नाव आलं नाही, तसा सासूबाईंनी हात मागं घेतला, पदर सारला आणि बोलायला लागल्या. साहेबानं तो खोल गेलेला गाल पाहिला आणि नजर कागदावर नेली. काय म्हणतात या, असं त्यानं आम्हा दोघांना विचारलं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं मला स्पष्ट दिसलं. मला कळतं हे त्यांना ठाऊक होतं.

त्या म्हणत होत्या, पोरीचे चार गुंठे कुठं आहेत, ते लिहिल्याशिवाय अंगठा देणार नाही.

"मान्य हाय म्हनत्यात," मी म्हणाले. "पोराचं भलं हूं दे म्हनत्यात."

सासूबाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली असती तरी साहेब थांबला असता. त्यांनी हलवली नाही, माझ्याकडे बघतच राहिल्या. नवऱ्यानं त्यांचा अंगठा धरून शाईवर दाबला.

नणंदेला आठवड्यात कळलं. मुलीला घेऊन ती हिंजवडीजवळच्या चांद्याला भाड्याच्या खोलीत गेली आणि तिथल्या नोकरीवाल्या पोरांचा स्वयंपाक करू लागली. आमच्या खोल्यांचा पाया खणून झाला तेव्हा सासूबाईंची नवी प्लेट तयार झाली. डॉक्टरबाईंनी ती बसवली, आवाज बघायला म्हणाल्या, आजी, काहीतरी बोला.

"हिला माजं समदं कळतं," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाई खूश झाल्या, शब्द न् शब्द स्पष्ट आहे म्हणाल्या. माझं कौतुकही केलं, अशी सून मिळत नाही म्हणून.

घरी आल्यावर सासूबाईंनी प्लेट काढून माझ्या हातात दिली. पुढं तीन वर्षं जगल्या, परत घातली नाही. पण त्या गप्प बसल्या नाहीत. दिवस उजाडला की चुलीपाशी बसून बोलायला लागायच्या, नाकातून चहा गळत असतानाही बोलायच्या, मी भात वाढताना, मी त्यांचं तोंड पुसताना. म्हातारी भ्रमिष्ट झाली, काय गुणगुणतेय कोण जाणे, असं भाडेकरू म्हणायचे. नवरा विचारायचा, काय म्हणतेय.

काही नाही, असं मी सांगायचे. आख्ख्या घरात कळत मला एकटीलाच होतं.