मेणाची दोन घरं

उद्या आमच्या पनवेलच्या चर्चची बस वांद्र्याला मोतमावलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, यात्रेला निघेल. ओवे गावच्या पार्वतीकाकूंना आता तिथल्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून त्या मावलीला वाहायचं नवसाचं मेणाचं घर माझ्याकडे देऊन गेल्या. टेबलावर मेणाचा वास दरवळतोय आणि मला ती जुनी दुपार आठवतेय.

तेव्हा काकू मुलाला घेऊन आमच्याच बसने आल्या होत्या. दोघांच्या हातांत एकाच साच्यातली घरं होती, उन्हानं मऊ पडलेली. "फादर, आमचं कौलारू घर ऱ्हाऊ दे, दुसरं कायपण नको," काकू म्हणाल्या. त्या पुढे सरकताच मुलगा हळूच म्हणाला, "फादर, आई ऐकत नाय. जागा बिल्डरला जाऊ दे." मी नवा फादर होतो. मावलीची पंचाईत होणार, असं वाटून मला हसू आलं. मी दोन्ही घरांवर पवित्र पाणी शिंपडलं आणि दोघांसाठीही मनापासून प्रार्थना केली.

आता त्या कौलारू घराच्या जागी टॉवर आहे आणि काकू त्यातच वरच्या मजल्यावर राहतात. "या वेळी काय मागू?" मी आज विचारलं.

"तेच. आमचं घर ऱ्हाऊ दे."

कुठलं, हे मला विचारवलं नाही.