चांद्रीचा खुंटा

पोलादपूरच्या डोंगरात, जिथून कशेडी घाटातले ट्रक आगपेटीएवढे दिसतात, तिथल्या धनगरवाडीत कुशाबाला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. जेवतानासुद्धा तो अर्धा उठलेलाच असायचा. "बूड टेकवा की जरा," त्याची बायको ठकूबाई म्हणायची, "डोंगर काय पळून चाललाय व्हय?" आणि गेल्या श्रावणात डोंगर खरोखरच चालायला लागला.

वाडीच्या खाली काळ्या दगडाची खाण आहे. वीस वर्षं पोखरून पोखरून खाणीच्या माथ्यावर लांबलचक भेग पडली होती. वरून काढलेली माती मालकाने उतारावरच लोटून दिली होती, अगदी ओढ्याच्या उशाशी. त्या ओढ्याकाठी आठ घरं, आणि त्यातल्या शेवटच्या घरात कुशाबाची लेक अक्षदा दिलेली. मालकाला डोंगराची काळजी वाटायला तीन पावसाळे आणि एक नोटीस लागली. मग नूतन नावाची इंजिनिअर आली.

नूतनने भेगेच्या वर एक आणि खाली एक असे दोन खुंटे ठोकले. मधलं अंतर रोज सकाळी मोजायचं आणि फोनवर कळवायचं, एवढंच कुशाबाचं काम. "अंतर वाढलं की समजायचं, खालची बाजू सुटतेय," ती म्हणाली. टेपवरचे आकडे त्याला वाचता येत नसत, म्हणून त्याने त्या मापाची दोरीच करून घेतली.

काम सोपं होतं, पण चूक त्याहून सोपी. खुंटा म्हटला की इंजिनिअरला मोजमाप आठवतं, धनगराला म्हैस. एका दुपारी पावसाची सर आली, चांद्री म्हैस भेगेकडे निघालेली, आणि खालचा खुंटा हाताशी. कुशाबाने दावं त्यालाच अडकवलं नि खाणीच्या शेडमध्ये चहाला गेला. साठ वर्षांची सवय ती. हात आधी पोचला, डोकं मागाहून.

दुसऱ्या सकाळी दोरी दोन बोटं अपुरी पडली. खालचा खुंटा कलला होता.

आता हे डोंगराने केलं की म्हशीने? आषाढात त्याने असाच ओरडा करून खाण बंद पाडली होती, आणि निघालं काय, तर सुंभाची दोरी भिजून आखडली होती. त्यानंतर त्याने नायलॉनची दोरी घेतली, पण अब्रू काही नायलॉनची मिळत नाही. खाणीचा मॅनेजर भरत रोज विचारी, "काय कुशाबा, आज डोंगर कुठवर पोचला?" म्हणून त्या सकाळी कुशाबाने फोनवर सांगून टाकलं, "हाय तेवढंच हाय, मॅडम."

खोटं बोलायची सवय नसलेल्याला खोटं पचत नाही. कुशाबा खुंट्यापाशी गेला, परत आला, पुन्हा गेला. रात्रभर पाऊस कोसळला होता, आताही थेंब चालूच होते. शेवटी त्याचे पाय लेकीच्या घराकडे वळले.

अक्षदा ओढ्यावर कपडे धूत होती. "बाबा, आज पाणी कसं गरीब हाय बघा," ती म्हणाली. "एरवी श्रावणात हितं उभं राहवत नाय."

कुशाबाने ओढ्याच्या वरच्या अंगाला पाहिलं. रात्रभर पाऊस, आणि ओढा गरीब? म्हणजे वर कुठेतरी माती आडवी पडून पाणी तुंबलं होतं. त्याने तिथूनच नूतनला फोन लावला.

"मॅडम, सकाळी मी खोटं बोललो. दोरी दोन बोटं कमी पडली. पण काल मी खालच्या खुंट्याला म्हस बांधली व्हती. आन् आता ओढाबी आटलाय."

नूतन रागावली नाही. "खुंटा कुठे कललाय? वर की खाली?"

"वर. चारा वरच्या अंगाला व्हता ना."

"कुशाबामामा, म्हशीने वर ओढला म्हणजे अंतर कमी झालं. तरीही दोरी अपुरी पडली. डोंगर दोन बोटांपेक्षा जास्त सरकलाय. तुम्ही घरं रिकामी करा, मी खाणीतली माणसं बाहेर काढते."

सात घरं कुरकुरत का होईना निघाली. अक्षदाच्या चुलीवर भात होता. "मागच्या टायमाला दोरी, ह्या टायमाला म्हस," ती म्हणाली. "भात होऊ द्या, मग बघू."

कुशाबा तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. नीट मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून. "तू उठंस्तवर मी उठत नाय."

बापाला असं बसलेलं अक्षदाने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने भाताखालचा जाळ ओढला, पोराला कडेवर घेतलं आणि निघाली.

चारच्या सुमारास मातीचा ढीग सुटला. तुंबलेलं पाणी त्याच्यामागून आलं आणि काठची दोन घरं घेऊन गेलं. त्यातलं एक अक्षदाचं होतं. माणसं सगळी वर शाळेत होती, खाणही रिकामी होती. भातासकट चूल गेली ती कुठे गेली, कुणाला सापडली नाही.

आता खाणीची कडा पायऱ्या पायऱ्यांनी कापताहेत, ढिगाला चर काढून दिलाय, ओढ्याला दोन्हीकडून जाळीत भरलेल्या दगडांच्या भिंती घालताहेत. नूतनने खुंट्यांच्या पाच जोड्या ठोकल्यात. कुशाबा म्हैस चारताना दावं हातातच धरून उभा राहतो, पाय दुखले तरी.

ठकूबाई पूर्वीसारखीच त्याच्यावर करवादते. फक्त बूड टेकवा असं आता म्हणत नाही.