मागे थांबणारी

दादाला जेवायला बोलावून आण, एवढंच आईने सांगितलं होतं. पोर कारखान्यामागच्या मोकळ्या जागेवर गेली, तर तिथे मुलांचा फुटबॉल ऐन रंगात आलेला. हाका मारणं तिच्या स्वभावातच नव्हतं. ती कडेला उभी राहिली, दादाचं लक्ष कधी जातंय याची वाट बघत. तेवढ्यात बॉल सुसाट तिच्या अंगावर आला. दुसरी कुणी असती तर बाजूला झाली असती. हिने पाय पुढे केला आणि बॉल जागच्या जागी थांबवला. त्या दिवशी दोघं भावंडं उशिरा घरी पोचली आणि दोघांनी पोटभर बोलणी खाल्ली. पुढे आईला स्वतःच बोलवायला जावं लागायचं, आणि एकाऐवजी दोघांचे कान धरून आणावे लागायचे.

घरात तिची ख्याती घुमी म्हणून. "हिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. यात तक्रार किती आणि कौतुक किती, हे आईलाही ठाऊक नसावं.

वस्तीत मुलींचा संघ बांधणारे एक निवृत्त बस ड्रायव्हर होते. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. मैदानावरही ते भरलेली बस हाकत असल्यासारखे ओरडायचे, "पुढे सरका, पुढे सरका! दारात गर्दी करू नका!" सगळ्या पोरी बॉलच्या मागे माशांसारख्या घोंगावत असताना ही एकटी मागे थांबलेली असायची. काकांनी काही दिवस नुसतं बघितलं आणि मग म्हणाले, "ही खिळा आहे खिळा. ठोकाल तिथून हलायची नाही." तेच नाव पडलं. खरं नाव पुढे फक्त पगारपत्रकावर राहिलं.

वीज खात्याने महिलांचा संघ काढला तेव्हा खिळ्याला नोकरी लागली. सकाळी बिलांच्या तक्रारींच्या खिडकीत बसायचं, दुपार कलली की सरावाला जायचं. खिडकीवर तिचं चांगलं जमलं. माणूस कितीही तावातावाने भांडायला आला, तरी समोरची बाई एक शब्द उलटून बोलत नाही म्हटल्यावर तो भांडणार तरी किती?

संघात तिच्या बाजूला डावरी होती. डाव्या पायाने खेळायची म्हणून डावरी. बचावफळीच्या मधोमध या दोघींची जोडी. डावरी म्हणजे पायाला भिंगरी आणि तोंडाला विसावा नाही. समोरून बॉल आला की ती ससाण्यासारखी झेपावायची, प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. तिची झेप हुकलीच, तर मागे खिळा उभी असायची. डावरी कधी निघणार हे तिला डावरीच्या आधी कळायचं. खांदा जरा खाली आला की ही दोन पावलं मागे सरकलेलीच. हे कुणी शिकवलं नव्हतं आणि दोघी त्यावर कधी बोलल्याही नव्हत्या.

सामन्यांना जाताना बसमध्ये डावरीच्या शेजारची खिडकीची जागा खिळ्याची ठरलेली. डावरी सगळ्या बसला हसवायची, नकला करायची, आणि ही काचेला डोकं टेकून ऐकत राहायची. आपल्याला एक मैत्रीण आहे, असं तिला वाटायचं. त्या काळात तिला ते विचारलं असतं, तर तिने ठामपणे हो म्हटलं असतं.

उपांत्य सामन्यात एकदा डावरी बॉल घेऊन थेट अर्ध्या मैदानापलीकडे गेली आणि तिथे तो गमावून बसली. समोरची आघाडीची खेळाडू मोकळी सुटली. आपली गोलकीपर, उंच म्हणून तिला शिडी म्हणायचे, पुढे धावली आणि घसरून आडवी झाली. गोल रिकामा. खिळा कुठून आली कुणाला कळलं नाही. गोलरेषेवर तिने तो फटका तोंडावर घेतला. बॉल बाहेर गेला आणि समोरचा दात तुटून गवतात पडला. डावरीने येऊन तिला मिठी मारली, दोघींच्या जर्सीवर रक्त लागलं. सामना जिंकला. अंतिम सामना हरल्या, ती गोष्ट वेगळी. नवा बसवलेला दात जरा पिवळसर होता. कधी हसलीच, तर दिसायचा.

देशाच्या संघातूनही ती चार सामने खेळली. त्याच वर्षांत हिशेब विभागातला एक भला माणूस तिला मागणी घालायला घरी आला. चहा झाल्यावर त्याने विचारलं, "खेळ कधीपर्यंत चालणार?"

"तुम्ही कधीपर्यंत थांबाल?" तिने विचारलं.

तो दोन वर्षं थांबला, म्हणजे तसा बराच थांबला. मग त्याने दुसरीकडे लग्न केलं आणि खात्यातल्या लोकांबरोबर तिलाही रीतसर आमंत्रण दिलं. ती गेली, जेवली, आली. आईने विचारलं, "कशी आहे नवरी?" ती म्हणाली, "छान आहे." बस, एवढ्यावर तो विषय संपला.

डावरीचंही लग्न झालं आणि ती दूरच्या गावी गेली. निघताना गळ्यात पडून म्हणाली, "येत जा गं." खिळ्याने मान डोलावली. पुढे खात्याने महिलांचा संघ बंद केला. दिवसभर खिडकीत बसायची वेळ आली, तेव्हा कुणीतरी सांगितलं की कॉलेजला मुलींसाठी प्रशिक्षक हवी आहे. पगार कमी होता. ती लगेच गेली.

कॉलेजने तिला व्यायामशाळेमागची खोली दिली. आत जाळ्या, सरावाचे प्लास्टिकचे शंकू, हवा गेलेले बॉल, आणि रबराचा असा वास की घरी जाऊन केस धुतले तरी जायचा नाही. पहिल्या वर्षी मुली निम्म्या झाल्या. एकीने धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही आमच्यावर चिडल्या आहात का?"

"नाही."

"मग चेहरा असा?"

"चेहरा असाच आहे."

मुली खो खो हसल्या. त्या हसण्यात ती सामील झाली नाही, पण दुसऱ्या दिवशी गळालेल्यांपैकी दोघी परत आल्या. हळूहळू संघ उभा राहिला, आसपासच्या कॉलेजांना हरवू लागला. पण कॉलेजचा संघ म्हणजे वाहतं पाणी. एक तुकडी हाताशी येते न येते तोच तिची परीक्षा होते, निरोप होतो आणि ती जाते. जुन्या मुली रस्त्यात भेटायच्या, कडेवर मूल असायचं. "मॅडम, ओळखलंत?" नाव आठवायचं नाही. "उजवीकडून पळायचीस, आणि उलट्या पायाने पास द्यायचीस," ती म्हणायची. मुलींना ते फार आवडायचं. मग त्या पुढे निघून जायच्या.

घरी आई होती तोवर संध्याकाळी एक प्रश्न ठरलेला असायचा. "जिंकलात का?" हो किंवा नाही, दोन्हीवर आई "बरं" म्हणायची आणि ताट वाढायची. तिला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं. आई ऐन स्पर्धांच्या दिवसांत गेली. दादा आणि वहिनी परगावाहून आले, सगळं पार पडलं. "आमच्याकडे चल राहायला," दादा म्हणाला. वहिनीनेही आग्रह केला, आणि तो खरा होता.

"संघाचं काय?" ती म्हणाली.

लहानपणी कान धरून दोघांना मैदानावरून आणावं लागायचं, त्यातला दादा केव्हाच घरी आला होता.

त्यानंतरच्या सामन्यात मुली मोठ्या फरकाने जिंकल्या. ती घरी आली, कुलूप उघडलं, बूट काढले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बराच वेळ. मग तिने एकटीपुरता कुकर लावायला घेतला.

असाच काळ गेला. तिचे केस पिकले. एका वर्षी स्पर्धा नेमक्या डावरीच्या गावी आल्या. तिने सगळ्यांना सांगितलं, जाळीची दोरी आणायला बाजारात जातेय. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार; दोरी पिशवीत होतीच.

डावरीचं लाँड्रीचं दुकान होतं. काचेमागे कपडे लटकलेले, आत वाफेचा उबारा. डावरी अंगाने भरली होती, पण आवाज तोच. तिने चष्मा वर केला, क्षणभर बघितलं आणि किंचाळलीच, "अगं खिळे!" काउंटरला वळसा घालून येऊन तिने मिठी मारली. नवऱ्याला हाक मारली, सुनेला हाक मारली, चहा मागवला. खिळ्याच्या जॅकेटच्या बाहीवरचा हिरवा डाग दिसताच तिने ते अंगातून उतरवूनच घेतलं.

"गवताचा डाग असा घासून निघत नाही, वेडे. इतकी वर्षं काय करत होतीस?"

खिळा स्टुलावर बसली. डावरी एकीकडे डाग काढत होती, एकीकडे गिऱ्हाइकांशी बोलत होती आणि मधूनमधून हिच्याशी. नातवंडं, गुडघे, भाडेकरू. खिळा ऐकत होती, बसमध्ये ऐकायची तशीच. मग सुनेने सहज विचारलं, "आई, तुम्ही खरंच मैदानात खेळायचात?"

"खेळायचे म्हणजे? अगं, उपांत्य सामन्यात मी बॉल घेऊन पुढे गेले ना, आणि घालवला! वाटलं, संपलं आता सगळं. तर आमची गोलकीपर, शिडी म्हणायचो आम्ही तिला, तिने तो बॉल तोंडावर झेलला. दात पडला बिचारीचा! मी तिला मिठी मारून इतकी रडले. हो की नाही गं खिळे? तू होतीस ना तेव्हा? का तू नंतर आलीस?"

वाफेच्या इस्त्रीचा फुस्सकन आवाज झाला. खिळ्याने ओठ मिटून घेतले.

"होते," ती म्हणाली. "शिडीच ती."

"बघ! माझी मेमरी अजून टकाटक आहे," डावरी सुनेला म्हणाली. बाहीवरचा डाग गेला होता. तिने जॅकेट कडक इस्त्री करून दिलं, पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता, आणि दारापर्यंत येऊन म्हणाली, "उद्या सामना बघायला येतेच. बघच तू."

दुसऱ्या दिवशी खिळ्याने मध्यंतरापर्यंत तीन-चारदा प्रेक्षकांकडे बघितलं. मध्यंतरात डावरीचा फोन आला. दुकानात गर्दी होती, लग्नाचे कपडे आले होते, फार वाईट वाटत होतं. "पुढच्या वेळी नक्की!" खिळा म्हणाली, "हो, हो." फोन ठेवून ती मुलींकडे वळली. मुली हरल्या. एकच गोल, आणि तो बचावफळीच्या मधोमध. पुढे झेपावलेली मुलगी हुकली, आणि मागची मुलगी ती चूक सावरायला जागेवर होती, पण पुढचीला ते माहीतच नव्हतं. ती वळून वळून बघत राहिली आणि त्यातच पाय अडखळला.

परतीच्या बसमध्ये मुली मागे पेंगत होत्या. खिळा पहिल्या बाकावर, शेजारी बॉलची पिशवी. डावरीवर राग येतोय का, हे तिने स्वतःशी तपासून बघितलं. येत नव्हता. डावरीला ती मिठी आठवत होती, रक्त आठवत होतं, रडणं आठवत होतं. फक्त मिठीतलं माणूस हरवलं होतं. आणि हरवणारच. सात वर्षं जे माणूस तुमच्या पाठीमागे उभं राहिलं आणि एकदाही "मी आहे" म्हणालं नाही, त्याचा चेहरा तुम्हाला दिसणार कसा? तुम्ही तर समोर बघत होता.

हे कळल्याने तिला बरं वाटलं असं नाही. उलट घरापर्यंतचा रस्ता फार लांबला. कॉलेजच्या दारात मुलींना न्यायला बाप, भाऊ, मैत्रिणी आल्या होत्या. गाड्या एकेक करून गेल्या. तिने पिशवी खांद्यावर टाकली, मागच्या खोलीत नेऊन ठेवली आणि चालत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सरावाला तिने त्या मागे थांबणाऱ्या मुलीला बाजूला घेतलं. मुलगी अबोल, मान खाली. तिला वाटलं, आता काढून टाकणार.

"काल तू बरोबर जागी होतीस," खिळा म्हणाली.

मुलीने मान वर केली.

"पण तिला माहीत नव्हतं. बोलायचं."

"काय बोलू, मॅडम?"

"काहीही. मी आहे, जा, थांब, काहीही. तू तिथे आहेस हे तिला कळू दे."

"मला नाही जमत ओरडायला."

"मलाही नाही जमलं," खिळा म्हणाली. आपण हे मोठ्याने बोललो याचं तिलाच नवल वाटलं. "तू शिक."

सराव सुरू झाला. पहिल्या दोन वेळा मुलीच्या तोंडून आवाजच फुटला नाही. तिसऱ्या वेळी पुढची झेपावली आणि मागून फाटक्या आवाजात "मी आहे!" असं इतक्या जोरात आलं की पुढची दचकून बॉल सोडून उभी राहिली.

"ऐकलं गं बाई! बहिरी नाही मी!"

सगळ्या मुली हसायला लागल्या, ओरडणारी सुद्धा. त्यांच्यात पुढे बराच वेळ काहीतरी खुसफुस आणि हसणं चाललं होतं. कडेला उभ्या असलेल्या खिळ्याला ते नीट ऐकू आलं नाही. तिने शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवली नाही. जरा वेळाने ती वाकून शंकू गोळा करायला लागली.