पंधरावी ओळ

क्लबहाउसचं छप्पर नोव्हेंबरात गळलं आणि भिंतीवरचा नावांचा बोर्ड खालच्या बाजूने कुजला. नावं आडनावांच्या अक्षरक्रमाने होती, म्हणून आधी डब्ल्यूवाले गेले. मी वही घेऊनच तिथे गेले होते. पानावर लिहिलं: छप्पर. मॅचबुकं सुकवणं. नवीन बोर्ड. तेव्हा माझा नवरा जाऊन दोन महिने झाले होते आणि माझ्या याद्या आधीपेक्षा नीट होत होत्या.

हे गाव नॉटिंगहॅमपासून बसने पाऊण तासावर आहे. एक चर्च, एक पब, पोस्टाची खिडकी असलेलं एक दुकान आणि जुन्या विणकरांच्या घरांची एक रांग. त्या घरांच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्या लांबच लांब आहेत, कारण मोजे विणायच्या यंत्रांना उजेड लागायचा. आता तिथे निवृत्त शिक्षक राहतात आणि एवढा उजेड नको म्हणून पडदे लावतात. रग्बी क्लब त्या विणकरांनी आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून काढला. मैदान एका शेतकऱ्याने दिलं. अट एकच होती, की उन्हाळ्यात तिथे त्याच्या मेंढ्या चरतील. ती अट अजून चालू आहे. जूनमध्ये गोलपोस्टखाली मेंढ्या असतात आणि ऑगस्टमध्ये सराव सुरू व्हायच्या आधी आम्ही फावडी घेऊन त्यांच्या मागचं आवरतो. मैदानाला एका कडेला उतार आहे आणि खाली ओढा. चेंडू ओढ्यात गेला की काढायला लांब दांड्याची मासे पकडायची जाळी क्लबहाउसच्या मागे टांगलेली असते. ती माझ्या सामानाच्या यादीत आहे: जाळी एक, दांडा बदललेला.

मी चौदा वर्षं या क्लबची सेक्रेटरी आहे. रग्बी मला अजून पुरती कळत नाही. नवरा नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात इमर्जन्सी विभागात डॉक्टर होता आणि शनिवारी सुट्टी असली की मैदानाच्या कडेला औषधांची बॅग घेऊन उभा राहायचा. मी सोबत म्हणून जायची. तिसऱ्या शनिवारी मी त्यांचं साठलेलं टपाल लावून दिलं. चौथ्या शनिवारी त्यांनी मला कपाटाची किल्ली दिली.

बोर्डचा नियम माझ्या आधीपासूनचा आहे. पहिल्या संघातून एकदा तरी खेळलेल्या माणसाचं नाव बोर्डवर जातं. पुरावा म्हणजे मॅचबुक. त्यात प्रत्येक सामन्याचं एक पान असतं, पंधरा ओळी, पंधरा खेळाडू. माझ्याकडे आलेला नियम ढिला होता, तो मी घट्ट केला. ज्याचा नोंदणीचा फॉर्म आला आहे त्याचंच नाव लिहायचं. ऐन वेळी कुणी बाहेरचा उतरवला तर त्याच्या ओळीवर ‘ए. एन. अदर’ लिहायचं, म्हणजे आणखी कुणीतरी एक. ही इथली जुनी रीत आहे, सगळ्याच गावांच्या पुस्तकांत हे गृहस्थ सापडतात. आणि नंतर दुरुस्ती करायची असेल तर त्या दिवशीच्या कॅप्टनची सही हवी. हे मी कमिटीत मांडलं आणि सगळ्यांनी हात वर केले, कारण चहा थंड होत होता.

अकरा वर्षांपूर्वी जानेवारीत शेजारच्या गावाशी मैत्रीचा सामना होता. आमचे दोघे मोटरवेवर अडकले. एकाच्या जागी पबवाला उतरला, त्याचा फॉर्म होता. दुसरा कोणी मिळेना. कॅप्टन म्हणजे मैदान देणाऱ्या शेतकऱ्याचा नातू. त्याचाही तो शेवटचाच हंगाम होता, गुडघे कामातून गेले होते. तो माझ्या नवऱ्याकडे आला.

“डॉक, पाय दोन आहेत ना तुला?”

“शेवटचं मोजलं तेव्हा होते.”

“मग चल.”

त्याने आयुष्यात कॅरम आणि टेबल टेनिस सोडून काही खेळलेलं नव्हतं. उधारीचे बूट दोन नंबर मोठे होते, त्यांत त्याने स्वतःच्या बॅगेतली क्रेप बँडेजं कोंबली. थंडी होती म्हणून कॉर्डुरॉयच्या पँटवरूनच शॉर्ट्स चढवली. रेफरी हसला आणि मैत्रीचा सामना म्हणून सोडून दिलं. पंचवीस मिनिटं तो ओढ्याच्या बाजूला धावत होता. चेंडू त्याच्याकडे एकदाही आला नाही.

मी कडेला पुस्तक घेऊन बसले होते. पंधराव्या ओळीवर मी लिहिलं: ए. एन. अदर.

संध्याकाळी त्याने पान पाहिलं. “अगं, हे काय? मी आहे तो.”

“फॉर्म कुठाय तुझा?”

“घरच्या माणसालाही फॉर्म?”

“सोमवारपर्यंत दे, मग दुरुस्त करते.”

त्याने सोमवारी दिला नाही. तो तसाच होता, पेशंटच्या बाबतीत मिनिट चुकवायचा नाही आणि घरचा कागद वर्षभर पडू द्यायचा. मी प्रलंबित कामांच्या वहीत नोंद केली: डॉक, फॉर्म. दर ऑगस्टमध्ये मी राहिलेली कामं नव्या पानावर उतरवते. अकरा वेळा ती ओळ उतरवली. त्याला त्याची गंमत वाटायला लागली. फ्रिजवर चिठ्ठ्या लावायचा: दूध संपलंय — अदर. गॅसचा माणूस येऊन गेला — अदर. मी म्हणायची, फॉर्म भरायला याहून कमी अक्षरं लागली असती. तो म्हणायचा, मग मजा काय राहिली?

गेल्या मार्चमध्ये, तो असताना, दुकानातल्या पोस्टाच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंनी मला थांबवलं. त्यांचे मिस्टर नॉटिंगहॅमची बस चालवायचे, चार वर्षांपूर्वी गेले. तरुणपणी एकदा बस उभी करून पाहायला थांबले आणि दोन माणसं कमी म्हणून आमच्याकडून खेळले. बाईंची विनंती होती, तेवढं नाव बोर्डवर घाला. त्यांची सासू नव्वदीच्या पुढे होती, तिला एकदा न्यायचं होतं. मी पुस्तक काढून पाहिलं. ए. एन. अदर. त्या दिवशीचा कॅप्टन केव्हाच वारला होता. मी नियमाची प्रत घेऊन दुकानात गेले आणि नीट समजावून सांगितलं.

घरी नवरा म्हणाला, “लिही ना गं. कोणाचं काय जातंय?”

“एकाचं लिहिलं की सगळ्यांचं लिहावं लागतं.”

“मग सगळ्यांचं लिही.”

मी पुस्तक मिटलं.

सप्टेंबरात एका मंगळवारी सकाळी तो स्वयंपाकघरात बुटाची लेस बांधायला वाकला आणि उठला नाही. पुढचं सगळं मी व्यवस्थित केलं. सर्टिफिकेटच्या प्रती मागवल्या, हॉस्पिटलचा बॅज परत केला, पुण्याला फोन केले, त्याची लायब्ररीची पुस्तकं मुदतीत नेऊन दिली. लोक मला धीराची म्हणत होते. धीर वगैरे नव्हता. दंतवैद्याकडून घरी येताना गाल जसा असतो तशी मी होते, हात लावला तर आहे हे कळायचं. फ्रीजरमध्ये त्याच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेला डबा सापडला: उसळ, मसाला जास्त — अदर. तो मी फेब्रुवारीत बाहेर काढला, गरम केला, खाल्ला. मसाला जास्त होता.

तर छप्पर. सातही मॅचबुकं ओली झाली होती. ती मी घरी आणली, पानापानांत किचन रोल घातला आणि वर पोळपाट ठेवून त्यावर प्रेशर कुकर ठेवला. रोज कागद बदलायचा आणि बोर्डसाठी नावं उतरवून घ्यायची. बोर्ड रंगवणारा एप्रिलमध्ये येणार होता. एकदा रंगवला की बोर्ड पन्नास वर्षं तरी कोणी काढणार नव्हतं. जे नाव आता गेलं नाही ते गेलंच नाही. सहाव्या पुस्तकात तो जानेवारी आला. शाई थोडी पसरली होती, पण अक्षर माझंच होतं.

शेतकऱ्याचा नातू आता क्लबचा अध्यक्ष आहे. दर शुक्रवारी अंडी द्यायला येतो. त्याने टेबलावरचं पान पाहिलं आणि खिशातून पेन काढलं.

“कुठे करू सही?”

“तुम्हाला तो दिवस खरंच आठवतो का? आठवत नसेल तर सही नको.”

“पँटवर शॉर्ट्स घातली होती त्याने! माझ्या आयुष्यात मी एवढं वाईट दृश्य पाहिलं नाही, आणि मी मेंढ्यांची बाळंतपणं करतो. तो मैदानावर कुठे होता ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. आण इकडे.”

“आज नको,” मी म्हटलं.

“का?”

मी पोस्टवाल्या बाईंचं सांगितलं. तो पेनचं टोपण लावत म्हणाला, “तो नियम तू केलास, डक.” या भागात सगळ्यांना डक म्हणतात, बदक. प्रेमानेही म्हणतात आणि चूक दाखवतानाही.

रविवारी लेकीचा फोन आला. ती लंडनला असते, वेम्बलीजवळ.

“आई, seriously? बाबाचा नाव तू लिहिणार नाही?”

“बाबांचं नाव. लिहिणार नाही असं नाही म्हटलं. आधी दुसरं एक काम आहे.”

“तुझा प्रत्येक गोष्ट list मध्ये का जातो? बाबा खेळला. Full stop.”

“खेळला.”

“मग?”

“मग त्या बाईंचा नवरापण खेळला होता,” मी म्हटलं. ती म्हणाली, “तू जेवलीस का?” हे वाक्य तिला बिनचूक येतं.

सोमवारी मी सहावं नाही, दुसरं पुस्तक घेऊन बाईंच्या घरी गेले. विणकरांच्या रांगेतलं शेवटचं घर. दारात बूट काढायला लागले.

“राहू दे गं, कार्पेट जुनं आहे.”

“मला सवय आहे.”

“बस मग मोज्यांवर. या घरात मोजे चालतात.”

मी सांगितलं, मार्चमध्ये मी तुम्हाला नाही म्हणाले होते.

“म्हणाली होतीस. फार छान म्हणालीस. फाइल घेऊन आली होतीस.”

“ते नाव आता बोर्डवर घालायचं म्हणते.”

“का? तुझा गेला म्हणून?”

“हो.”

त्यांनी चहा ओतला, दूध घातलं, कप माझ्यासमोर सरकवला. “निदान खोटं नाही बोललीस. सासूबाई जूनमध्ये गेल्या. त्यांच्यासाठी हवं होतं मला. आता कोण बघणार? मी तिथे वर्षातून एकदा जाते, ख्रिसमसच्या बिंगोला.”

“मग नको?”

“नको कुठे म्हटलं मी?”

मी पुस्तक उघडलं. कॅप्टनची सही मिळणार नाही, म्हणून दुसरं काही आहे का, असं विचारलं. त्या दिवसाबद्दल काही आठवतं का?

“पुढचे दोन दात रुमालात घेऊन घरी आला. लग्नाला तीन आठवडे होते. सगळ्या फोटोंत ओठ मिटलेले आहेत, बघ.”

भिंतीवर फोटो होता. ओठ मिटलेले होते. मी पानावर बोट ठेवलं. सगळ्याच पुस्तकांत प्रत्येक ओळीपुढे शेऱ्याचा रकाना आहे. मार्चमध्ये मी फक्त नावाचा रकाना पाहिला होता. ए. एन. अदर, आणि पुढे कुण्या जुन्या सेक्रेटरीच्या बारीक अक्षरात: दोन दात.

बाईंनी चष्मा लावून ते वाचलं. बराच वेळ वाचलं, दोनच शब्द होते. मग म्हणाल्या, “आडनावात ई दोनदा येतो. सगळे विसरतात.” मी वहीत लिहून घेतलं. निघताना त्यांनी विचारलं, “तुझ्या माणसापुढे काय लिहिलंय?”

“काही नाही,” मी म्हटलं. “रकाना कोरा आहे. मीच लिहीत होते.”

कमिटीच्या बैठकीत मी दोन दुरुस्त्या मांडल्या. एकीला कॅप्टनची सही, दुसरीला शेऱ्याचा पुरावा. नियमात बदल सुचवला, की सही किंवा पुस्तकातला इतर कुठलाही पुरावा चालावा, आणि राहिलेल्या ए. एन. अदरांसाठी दुकानात आणि पबमध्ये नोटीस लावावी. कोणी म्हणालं, इतकी वर्षं हे असं का नव्हतं? मी म्हटलं, माझी चूक. तसं टिपणात लिहिलं. अध्यक्षाने सही केली आणि शेऱ्याच्या कोऱ्या रकान्यात, मला न विचारता, ‘पँट’ असं लिहिलं. मी ते खोडलं नाही.

नोटीस पाहून आणखी तीन नावं आली. बोर्ड मेंढ्या यायच्या आधी लागला. बाई सासूचा फोटो पर्समध्ये घेऊन आल्या, बोर्डसमोर तो बाहेर काढला, क्षणभर धरला आणि परत ठेवला. लेक लंडनहून आली आणि रडली. मी आधी दोन्ही ई तपासले, मग आमचं आडनाव. बरोबर होतं. काहीतरी वाटेल म्हणून मी थोडी थांबले. बोर्ड डावीकडे बोटभर कलला होता, तो मी सरळ करायला सांगितला.

घरी येऊन यादीतल्या बोर्डच्या ओळीवर काट मारली. प्रलंबित कामांच्या वहीत ‘डॉक, फॉर्म’ ही ओळ अजून आहे. नाव लागलं, पण फॉर्म काही आला नाही. ऑगस्टला अवकाश आहे. नवं पान आखून ठेवलंय, पहिली ओळ रिकामी सोडून.