बद्द वाजलेली मोहर

लग्नात वडिलांनी मला जुन्या सोन्याच्या तीन मोहरा दिल्या होत्या. लढाईच्या वर्षांत सोनं कडाडलं, तेव्हा त्या खोट्या असतील असा संशय सासऱ्यांच्या मनात शिरला. ते मला आणि माझ्या नवऱ्याला घेऊन विट्याच्या सोनाराकडे गेले. पलटणीतून रजेवर आलेला माझा भाऊही सोबत आला.

सोनारानं एकेक मोहर दगडावर टाकली. दोन खणखणीत वाजल्या. तिसरी बद्द वाजली.

"तुझ्या बापानं फसवलं आमाला!" असं ओरडत नवऱ्यानं माझा अंबाडा धरला आणि तोंड उंबऱ्यावर आपटलं. पुढचा दात तुटून जिभेवर आला. भावानं त्याचा हात मागं असा पिरगाळला, की हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. सासऱ्यांनी भावाच्या डोक्यात काठी घातली.

"आवं थांबा, सोनं खरं हाय!" सोनार कधीचा ओरडत होता. शेवटी त्यानं घागरभर पाणी तिघांच्या अंगावर ओतलं आणि छिन्नीनं ती मोहर मधोमध तोडली. आतही पिवळंधमक सोनंच होतं. "हिला कुणीतरी कडी जोडलेली. ती काढताना तडा गेला. तडकलेलं नाणं बद्दच वाजतं."

"चल घरी," सासरे खाली बघत म्हणाले.

"मी न्हाई येत," मी म्हणाले.

दगडावरच्या मोहरा पदरात बांधून, रक्तबंबाळ भावाला धरून मी माहेरी सांगलीला आले. मोहरा विकून शिलाईचं मशीन घेतलं, आणि पुढं त्याच्यावरच पोट भरलं.