धानोऱ्याहून रिकामी आलेली मॅटाडोर

"इथल्या पोरींना नोकरी नकोच आहे," साहेब ड्रायव्हरला म्हणाले.

ट्रेनिंगसाठी मुलींना आणायला धानोऱ्याला गेलेली मॅटाडोर खिडकीबाहेर उभी होती, रिकामी. घरांना कुलपं होती, ड्रायव्हर सांगत होता. गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या तेवढ्या.

आमची कंपनी पुण्याची. चंद्रपूरच्या कारखान्यात टेलिफोनचे सुटे भाग जोडले जायचे. आता दुसरं युनिट निघणार होतं आणि त्यासाठी साहेबांनी स्वतः धानोऱ्याला जाऊन मुली निवडल्या होत्या, बारीक तारा गुंडाळायला लावून. "काय बोटं आहेत!" असं तेव्हा तेच म्हणाले होते. आज त्यांनी मला पुण्याला ट्रंक कॉल लावायला सांगितला. दुसरं युनिट नागपूरला काढा, असं ते कळवणार होते.

मी कॉल बुक केला आणि फोनकडे बघत बसले. साहेबांशी मी इंग्रजीतच बोलायची, तेही त्यांनी विचारलं तर. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी, एवढंच त्यांना माझ्याबद्दल ठाऊक होतं. मला ते बरं वाटायचं.

चपराशीभाऊ पाण्याचा ग्लास ठेवायच्या निमित्तानं वाकले.

"बाई, सांगा ना त्याईले. काऊन गप बसून राह्यल्या?"

"तुम्हीच सांगा."

"माझं आयकते का ते? मले म्हणतीन, चाय आण." मग आवाज आणखी खाली आणून, "तुमची मावसबहीण बी हाये ना त्याच्यात?"

माझे कान तापले. ऑफिसात हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मे महिना होता. या दिवसांत धानोऱ्याला मावशीचं अख्खं घर पहाटेच जंगलात शिरतं. बिड्यांसाठी लागणारी तेंदूची पानं तोडायची, दुपारभर पुडे बांधायचे, संध्याकाळी ठेकेदाराच्या फडावर नेऊन विकायचे. हातात रोख पैसा येतो तो याच हंगामात. शाळेच्या सुट्टीत मीही तिथे पुडे बांधले होते; बहिणीचे दहा होईतो माझे दोन. ट्रेनिंगची तारीख मात्र पुण्यात ठरली होती. मुलींना कुणी विचारलं नव्हतं, आणि मोठ्या साहेबाला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

फोन खणाणला. "पुणे लागलंय, बोला," ऑपरेटर म्हणाली.

साहेबांनी हात पुढे केला. मी रिसीव्हर छातीशी धरून उभी राहिले. इंग्रजीतला एकही शब्द आठवेना.

"साहेब, त्या जंगलात आहेत. तेंदूपत्ता चालू आहे. हंगाम संपला की गाडी पाठवा, सगळ्या येतील. माझी बहीण आहे त्यांच्यात."