वहिनीने मॅनेज केलं

माझी वहिनी चोर नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मनात किंतू नको. आणि मी तिची नणंद आहे. नणंद असून भावजयीची बाजू घेतेय, यावरून काय समजायचं ते समजा!

आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात. ती मशीनवर, मी इस्त्रीवर. तिला तिथे लागून एकोणतीस वर्षं झाली, मला तिनेच चिकटवलं. वॉर्डातल्या सिस्टर तिला ‘होईल मावशी’ म्हणतात. वरून फोन येतो, मावशी, वीस चादरी लागतील. होईल. मावशी, ऑपरेशनचे गाऊन आत्ताच्या आत्ता हवेत. होईल. घरीही तेच. माझा भाऊ पाय मोडून चार महिने अंथरुणावर होता, तेव्हा मी रडत बसले आणि ही म्हणाली, होईल गं सगळं. मला त्या शब्दाचाच राग यायचा. अगं बाई, कधीतरी नाही म्हण की!

तर झालं असं, की तीनपैकी दोन मशीन बंद पडली. वहिनीने अर्ज दिला, आठवण दिली, पुन्हा आठवण दिली. उत्तर एकच: माणूस येतोय. नऊ दिवस तो नुसता येतच होता. आणि दहाव्या दिवशी बाहेरून तपासणीचं पथक येणार! वहिनीने मागचा जुना हौद घासून भरला आणि आम्ही चौघी बायका पदर खोचून हाताने चादरी धुवायला बसलो. रक्ताच्या चादरी आधी गार पाण्यात, कारण गरम पाणी लागलं की रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबण, मग चालू मशीनमध्ये एकदा उकळून घ्यायच्या, मग ओले गठ्ठे चार जिने चढून गच्चीवर. वहिनीच्या बोटांची सालं निघाली. पथकाने धुलाईला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि साहेब लोकांनी एकमेकांची पाठ थोपटली. आमच्याकडे खाली कुणी फिरकलंही नाही.

मग कुणाच्या तरी पोटात दुखलं. निनावी तक्रार गेली, की दोन मशीन बंद असताना चादरी इतक्या पांढऱ्या कशा? नक्कीच बाहेरून आणून मांडल्या. ऑफिसने वहिनीकडे लेखी खुलासा मागितला.

दुपारच्या सुट्टीत ती माझ्या इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरून बसली. मी म्हटलं, “लिही, कसंबसं निभावलं म्हणून.”

“छे, ऑफिसात असलं घरगुती चालत नाही. त्यांचाच शब्द घालते.”

तिची लेक एका कंपनीत आहे. फोनवर तिचं दिवसभर चालू, मी मॅनेज करते, तू काळजी करू नकोस, मी मॅनेज करते. घर, नोकरी, आजारी सासू, सगळं एकटी ओढते आणि त्याला मॅनेज म्हणते. तोच शब्द वहिनीने उचलला. ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘तपासणीच्या दिवशी सगळं मी मॅनेज केलं.’ खाली सही. मीही वाचलं आणि म्हटलं, वा, काय भारदस्त लिहिलंस! दोघी गाढव.

तिसऱ्या दिवशी कागद आला. ‘आपण तपासणी मॅनेज केल्याची लेखी कबुली दिली आहे. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये.’ निवृत्तीला सात महिने उरलेत हो तिच्या! आरोप शाबीत झाला तर सेवापुस्तकात शेरा बसणार, जन्माचा. रक्ताचा डाग गार पाण्याने जातो, हा कशाने जाणार होता?

माझं तर डोकंच फिरलं. आपल्याकडे काय शब्दांचा दुष्काळ पडला होता? अडचणीतून पार पडलं की निभावलं म्हणावं, थोड्यात पुरवलं की भागवलं, माणसांची मनं राखली की सांभाळून घेतलं. आणि टेबलाखालून काही केलं, तर त्यालाही शब्द आहे, तो फक्त कुणी लिहून देत नाही. सगळ्याला एकच मॅनेज! लेक करते तेही मॅनेज आणि लबाड करतो तेही मॅनेज. आणि मला सांगा, खाली सही ठोकून कबुली देणारा चोर तुम्ही कधी पाहिलाय?

वहिनी घरात घासलेली भांडी पुन्हा घासायची. एकदाच म्हणाली, “एकोणतीस वर्षांत एक फडकं घरी आणलं नाही गं मी.” मला रडू आलं आणि संतापही आला.

चौकशीला मी साक्षीदार म्हणून गेले. चौकशीचे साहेब वयाने आमच्या मुलांएवढे. कागद पुढे सरकवून म्हणाले, “कुणाला मॅनेज केलंत? नाव सांगा.”

“चादरींना,” वहिनी म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. मग तिने सगळं सांगितलं, हौद, गार पाणी, चार जिने. मला राहवलं नाही. मी तिचे अजून सोललेले दोन्ही हात धरून त्यांच्या टेबलावर उताणे ठेवले. म्हटलं, “हा घ्या पुरावा!” साहेबांनी मशीनच्या अर्जांची फाइल मागवली, चाळली आणि हसायलाच लागले.

“अहो मावशी, एवढंच होय! उद्यापासून या कामावर. वर काय बोलायचं ते मी बघतो. करतो मॅनेज.”

मी पिशवी उचलली. वहिनी जागची हलली नाही.

“नको साहेब. मॅनेज नको. कागदावर लिहा.”

“बरं, मग त्या शब्दाच्या जागी काय लिहू?”

“हाताने धुतलं, असं लिहा. आणि खाली तुमची सही करा.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “टाईप करावं लागेल, वेळ लागतो. उद्या होईल.”

“आत्ता होईल,” वहिनी म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून बसून राहिली.